तराजू दुकानदाराच्याच हातात

१४ ऑगस्ट २०२४ रोजी मेटा कंपनीने ‘क्राउडटँगल’ नावाचं एक साधन कायमचं बंद केलं. आपल्या मोहल्ल्यांत त्याची चर्चा होण्याचं कारणच नव्हतं, कारण हे नावच बहुतेकांनी ऐकलेलं नाही. तरीही मला वाटतं, या घटनेत आपलं फार नुकसान झालं आहे.

अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने हे साधन उभं केलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक पानांवर, गटांमध्ये एखादी पोस्ट किती वेगाने पसरते आहे, आधी कुठे आली, पुढे कोणत्या मोठ्या पानांनी उचलली, हे त्यात दिसत असे. लोकांच्या खासगी गप्पा त्यात नव्हत्या. २०१६ मध्ये संस्थापकांनी ही कंपनी फेसबुकला विकली. फेसबुकने ते साधन पत्रकारांना मोफत दिलं, त्यामुळे हा सौदा सगळ्यांच्याच सोयीचा वाटला.

अडचण २०२० मध्ये सुरू झाली. अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं. न्यूयॉर्क टाइम्सचा एक पत्रकार याच साधनातून फेसबुकवर सर्वाधिक प्रतिसाद मिळालेल्या दहा पोस्टची यादी रोज जाहीर करू लागला. यादीत बहुतेक वेळा कडव्या उजव्यांचीच नावं असत. कंपनीचं म्हणणं होतं की, प्रतिसाद म्हणजे पोहोच नव्हे. त्यात तथ्यही होतं. पण मग पोहोचीचे आकडे तशाच रोजच्या रोज खुले करायला हवे होते. त्याऐवजी २०२१ मध्ये क्राउडटँगलचा चमू विखुरला गेला, २०२२ मध्ये नव्या लोकांना प्रवेश बंद झाला आणि शेवटी साधनच गेलं. त्याच्या जागी आलेली व्यवस्था विद्यापीठं आणि ना-नफा संस्थांच्या संशोधकांसाठी आहे, तीही अर्ज मंजूर झाल्यावर. नफ्यावर चालणाऱ्या वृत्तसंस्थांना तिथे जागा नाही.

आपल्याकडे किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. माल दुकानदाराचा असला तरी मापावर त्याची मर्जी चालत नाही. समाजमाध्यमांच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाच्या हातातला एकुलता एक तराजू दुकानदारानेच विकत घेतला, आणि वजन अडचणीचं दिसू लागताच मोडून टाकला.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. २०१४च्या जून महिन्यात फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात हिंसाचार झाला. हडपसरला आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारलं. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे २०२० मध्ये तबलीगचं निमित्त करून ‘कोरोना जिहाद’ हा शब्द घरोघर पोहोचला. आमच्या भागात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या चाचांना, वर्षानुवर्षं त्यांच्याकडून भाजी घेणाऱ्या घरांनी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. निकाल आला, पण गेलेलं गिऱ्हाईक निकालाने परत येत नाही.

अशा वेळी आपण निषेध करतो, खुलासे देतो. समोरचा म्हणतो, ‘दोन-चार माथेफिरूंचं काम आहे, तुम्ही उगाच बाऊ करता.’ त्याला उत्तर आकड्यांनीच देता येतं. पहिली पोस्ट कोणाची, एकाच तासात तोच मजकूर किती पानांवर आला, हे दाखवता आलं तर बदनामी आपोआप पसरली की पसरवली, हे सिद्ध होतं. खुली मोजमापं गेली की तक्रार करणाऱ्याच्या हातात फक्त तक्रार उरते. ट्विटरनेही २०२३ मध्ये संशोधकांसाठीची मोफत वाट बंद केली.

मोजण्याची साधनं पवित्र असतात, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या पोलिसांनी ‘जिओफीडिया’ नावाच्या साधनाने ‘मुस्लिम लाइव्हज मॅटर’ हा हॅशटॅग आणि नेहमीच्या वापरातले अरबी शब्दसुद्धा पाळतीवर ठेवले होते. २०१८ मध्ये एका नागरी हक्क संघटनेने ते उघड केलं. म्हणजे आपल्यावर नजर ठेवायला साधन मिळतं. आपल्याविरुद्धचा द्वेष मोजायला मात्र मिळत नाही. खरा प्रश्न हाच आहे.

युरोपीय संघाने कायद्यानेच मोठ्या कंपन्यांना संशोधकांसाठी माहिती खुली करायला भाग पाडलं आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये मेटाविरुद्ध चौकशी सुरू करताना क्राउडटँगल बंद करण्याचा मुद्दाही घेतला. आपल्याकडच्या नियमांनी कंपन्यांना मासिक अहवाल बंधनकारक केले, पण तो अहवाल कंपनीच लिहिते. मुस्लिम संघटनांच्या निवेदनांत आरक्षण असतं, वक्फ असतं, शिष्यवृत्ती असते. ही मागणी मला अजून कुठे दिसली नाही. ती यायला हवी.

तोवर एवढं तरी करू या. द्वेषाची पोस्ट दिसली की संतापून पुढे ढकलू नका. तिचा दुवा, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. तराजू हातात नसेल, तर निदान वही तरी असू द्या.