तोतया ब्लूटूथ चिपांचे ओझे लिनक्सच्या खांद्यावर
विशेष प्रतिनिधी

जुन्या संगणकाला बिनतारी माऊस, कळफलक किंवा हेडफोन जोडायचा, तर नखाएवढा ब्लूटूथ डोंगल पुरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा इंटरनेटवरच्या दुकानांत काय, अशी उपकरणे अत्यंत स्वस्तात मिळतात. विंडोजवर सुरळीत चालणारा हाच डोंगल लिनक्सवर मात्र अनेकदा सुरूच होत नाही आणि ग्राहक लिनक्सला दोष देऊन मोकळा होतो. दोष बहुतेक वेळा त्या चिपमध्ये असतो. तरीही तो निस्तरण्याची जबाबदारी लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर काम करणाऱ्या अभियंत्यांवर येऊन पडते. हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी त्याच्या मुळाशी उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.

ब्लूटूथचे प्रमाणक काटेकोर आहे. संगणक कंट्रोलरला ठराविक आज्ञा पाठवतो आणि कंट्रोलर उत्तर देतो. कोणत्या आज्ञा आपल्याला समजतात, याची यादीही कंट्रोलरनेच सुरुवातीला द्यायची असते. ड्रायव्हर या यादीवर विश्वास ठेवतो. चिप खोटे बोलली, की घोटाळा सुरू होतो. साठवलेल्या जोडणी-किल्ल्या पुसण्याची आज्ञा समजते असे सांगणारी चिप प्रत्यक्षात ती आज्ञा येताच चूक कळवते. उपकरण सुरू करण्याची सारी प्रक्रिया मग तेथेच कोलमडते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘सीएसआर’च्या नकलांचे आहे. केंब्रिज सिलिकॉन रेडिओ ही ब्रिटिश कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली आणि २०१५ मध्ये क्वालकॉमने ती विकत घेतली. तिच्या चिपांचा दबदबा एवढा, की अनेक अनामिक उत्पादकांनी तिचाच यूएसबी ओळख क्रमांक आपल्या मालावर चढवला. बाहेरून ओळख एक आणि आत यंत्रणा भलतीच, असे हे तोतये निघाले.

ही तोतयेगिरी पकडण्यासाठी २०२० मध्ये कर्नलच्या ५.९ या आवृत्तीत सविस्तर तपासणी आली. तिची पद्धत रंजक आहे. अस्सल सीएसआर चिपांच्या फर्मवेअरचे क्रमांक आणि त्या ब्लूटूथच्या ज्या आवृत्तीचा दावा करतात ती आवृत्ती, यांचा मेळ ठरलेला असतो. फर्मवेअर जुन्या काळातले आणि दावा नव्या आवृत्तीचा, असे दिसले की चिप नकली ठरते. मात्र तिला हाकलून दिले जात नाही. तिला न झेपणाऱ्या आज्ञा टाळून तिच्याकडून काम करून घेतले जाते. काही चिपांना तर सुरुवातीला एकदा झोपवून पुन्हा जागे करावे लागते! अशा अपवादांना कर्नलच्या परिभाषेत ‘क्वर्क’ म्हणतात.

दोष केवळ स्वस्त मालातच असतो, असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या कर्नल ५.११ पासून प्रक्षेपणशक्तीची मर्यादा विचारणारी आज्ञा सुरुवातीलाच पाठवली जाऊ लागली. ॲपलच्या काही मॅकबुक आणि आयमॅक संगणकांमधील ब्रॉडकॉम चिपांनी ही आज्ञा समजते असे सांगितले होते, पण ती येताच त्यांचे ब्लूटूथ बंद पडू लागले. अखेर त्या मॉडेलांची यादी करून त्यांना ही आज्ञा न पाठवण्याची तरतूद करावी लागली.

प्रमाणक न पाळणारे उपकरण नाकारावे, असे शुद्धतावाद्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काल चालणारी गोष्ट आज नव्या आवृत्तीमुळे बंद पडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना दंडक आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने चूक कोणाची, हा मुद्दा गौण असतो. त्याचा कळफलक बंद पडलेला असतो, एवढेच त्याला दिसते. नवा संगणक घेणे परवडत नाही म्हणून जुन्यावर लिनक्स बसवणाऱ्याला दुसरा डोंगल घेण्याचा उपदेश करणे सोपे असले, तरी ते न्याय्य नाही.

या उदारतेची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक अपवाद कर्नलमध्ये वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. निकष ढिला ठेवला तर तोतये निसटतात आणि फार कडक केला तर अस्सल चिपही संशयाच्या फेऱ्यात सापडते. चाचणीसाठी ती चिप हाताशी असतेच असे नाही. नफा कमावणारा उत्पादक नामानिराळा राहतो आणि राबतात ते स्वयंसेवक किंवा भलत्याच कंपन्यांचे अभियंते.

सहनशीलतेला मर्यादाही हवी आणि ती सुरक्षिततेपाशी आखली गेली पाहिजे. २०१९ मध्ये ‘नॉब’ ही त्रुटी उघड झाली. तिचा फायदा घेऊन हल्लेखोर सांकेतिकीकरणाच्या किल्लीची ताकद अवघ्या एका बाइटवर आणू शकत होता. त्यानंतर किमान सात बाइटांचा आग्रह धरला गेला. परंतु किल्लीची लांबी विचारल्यावर कंट्रोलरने उत्तरच दिले नाही तर काय करायचे? लांबी शून्य मानून जोडणी तोडावी, हा सर्वांत सुरक्षित मार्ग कर्नलमध्ये स्वीकारला गेला. सोय करून देताना सवलत द्यावी, पण संरक्षणाच्या बाबतीत संशयाचा फायदा उपकरणाला देऊ नये, हेच तत्त्व यापुढेही उपयोगी पडणारे आहे.

मुक्तस्रोत प्रणालीचे बळ असे, की हे सारे उघड्यावर घडते. कोणत्या चिपेसाठी कोणता अपवाद केला आणि का केला, हे कोणालाही वाचता येते. अपवादांची ही यादी म्हणजे सदोष मालाची सार्वजनिक नोंदवहीच होय. उत्पादकांना जाब विचारण्याची सोय तीत नसली, तरी खरेदीपूर्वी ती चाळण्याची सोय ग्राहकाला नक्कीच आहे.