सोवळ्यातला नाच

गिटारांच्या मेळाने टँगो छेडला, की काही रसिक नाक मुरडतात. 'हे कसले अभिजात? हा तर नाच!' या सोवळ्या मंडळींना माझा एकच सवाल आहे. बाख तुम्हांला चालतो ना? मग त्याच्या रचनांतील साराबांद आणि जीग हे काय स्तोत्रपाठ आहेत? तेही नाचच! साराबांदला तर अश्लील ठरवून स्पेनमध्ये १५८३ साली बंदी घातली होती. पुढे ती संथ झाली, दरबारी झाली. आणि आज तीच ऐकताना तुम्ही भक्तिभावाने डोळे मिटता!

अर्जेंटिनाच्या पिआझोलाने ब्राझीलच्या आसाद बंधूंसाठी दोन गिटारांची 'टँगो स्वीट' रचली. मी पडलो शाळामास्तर, म्हणून हिशेबच मांडतो. त्याच्या टँगोत आठ मात्रा वारंवार ३-३-२ अशा तुटतात. बोटांनी टेबलावर वाजवून पाहा; चार-चारला सरावलेला हात अडखळेल. त्यात गिटारचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो. एकाचा आघात केसभर चुकला, तरी सारा मेळ उघडा पडतो. याला उथळपणा म्हणायचे?

तेव्हा रसिकहो, पुढच्या वेळी पाय हलला तर खुशाल हलू द्या. बाखची त्याला मुळीच हरकत नसावी!