रायलीची बस आणि आमची एसटी

गणपती गेले, चाकरमानी परतीला लागले आणि दाभोळच्या स्टँडवर या आठवड्यात पुन्हा तेच कानावर आलं: "रडायचं नाही हं, बाबांना हसून टाटा कर." चुलतभावाची मुलगी नऊ वर्षांची. ती हसत होती, पण बापाच्या पिशवीचा बंद काही हातातून सुटत नव्हता. शेवटी आईनं एकेक बोट सोडवलं.

त्या रात्री आमच्याकडे तिनं 'इनसाइड आउट' पाहिला. पिक्सारचा २०१५ चा. अकरा वर्षांची रायली मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. सामानाचा ट्रक पोचलेला नाही, बापाला कामाचा घोर. आई तिला झोपताना सांगते, आपण दोघी हसत राहिलो तर बाबांना तेवढाच आधार. आमची पोर इथे ताडकन उठून बसली. रायलीच्या डोक्यातल्या भावना इथे पात्रं आहेत; त्यातला आनंद खडूनं गोल आखतो आणि दुःखाला सांगतो, याच्या बाहेर यायचं नाही. हा गोल कोकणातल्या घराघरात आखलेला आहे. पुढे रायली पळून जायला बसमध्ये बसते, पण उतरून घरी येते आणि रडते. आईबाप तिला गप्प करत नाहीत. आम्हालाही तिकडची आठवण येते, असं कबूल करतात.

ही कबुली आपल्या ॲनिमेशनमध्ये मला सापडत नाही. 'हनुमान' आला २००५ मध्ये, 'बाल गणेश' २००७ मध्ये, मराठीत 'प्रभो शिवाजी राजा' २०१८ मध्ये. यावर मी लिहिलं की देवांचं, राजांचं वावडं आहे का, असं विचारणारी पत्रं येतात. मुळीच नाही. उलट शिवरायांचंच बालपण बघा. वडील दूर कर्नाटकात, आई पुण्यात मुलाला वाढवतेय. दाभोळातली निम्मी घरं आजही अशीच चालतात. त्या घरातली दिवेलागण, वडिलांचा निरोप येईल म्हणून दाराशी घुटमळणारं पोर, हे कुणीतरी काढायला हवं. तलवार मुलांनी पुष्कळ पाहिली.

आजचं, ओळखीचं गाव चित्रात उतरत नाही, असं कुणी सांगू नये. गीतांजली राव यांनी 'बॉम्बे रोझ'मध्ये फूल विकणाऱ्या मुलीची मुंबई रंगवली. तो सिनेमा मोठ्यांचा. पण तोच हात मुलांसाठी आमची दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट का रंगवणार नाही? जपानी मुलांसाठी पिक्सारनं रायलीच्या नावडीची ब्रोकोली काढून ढोबळी मिरची घातली. पोरांना आपलं ताट ओळखू यावं, एवढ्यासाठी ही मेहनत.

दुसऱ्या दिवशी बापाचा फोन आला. पोरीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला पण रडू आलं होतं?"

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "हो गं. खेड येईपर्यंत."