डागाळलेली तबकडी रंगवू नका

चेन्नईच्या अण्णा सालईवरची पी. ऑर अँड सन्स ही एकोणिसाव्या शतकातली पेढी. तबकडीवर तिचं नाव असलेली घड्याळं संग्राहक आजही शोधतात. मात्र जुना स्टीलचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मनगटी घड्याळ, घेताना डागांपेक्षा चकचकीतपणाला बिचकावं. या शहराच्या दमट, खाऱ्या हवेत बटणांच्या फटीतून ओलावा शिरतोच. तरीही साठ वर्षांची तबकडी कोरी करकरीत दिसली, तर ती बहुधा नव्याने रंगवलेली असते. भिंगाखाली धरा: अक्षरं जाड, छोटी वर्तुळं किंचित सरकलेली, टॅकीमीटरच्या, म्हणजे वेग मोजायच्या पट्टीच्या, रेघा वाकड्या. पॉलिशने घड्याळाच्या कवचाच्या धारदार कडाही गोल झालेल्या. अशा मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे काही भूषण नव्हे.

हातात घालायचं घड्याळ नीटनेटकं नको का, आणि रंगवणाऱ्या कारागिराने खायचं काय, असं कोणी विचारील. रास्त आहे. पण व्हालजू ७२ सारखं कॉलम-व्हीलचं (खांबदार चाकाने क्रोनोग्राफ चालू-बंद करणारं) यंत्र उघडून साफ करणं, तेल देणं, पुन्हा जुळवणं यालाच खरं कसब लागतं. पैसे त्याचे मोजावेत. रंगकाम झालेलं असेल तर विकणाऱ्याने तसं पावतीवर लिहून द्यावं, आणि घेणाऱ्याने ते मागून घ्यावं.