खाडाखोडीला घाबरू नका

दहावीच्या मराठीत कथालेखन असते, म्हणून आम्ही आठवीपासूनच मुलांना गोष्ट लिहायला बसवतो. बहुतेक वह्यांत एकच गोष्ट निघते. एका गावात एक गरीब मुलगा होता, त्याने खूप अभ्यास केला, तो मोठा अधिकारी झाला, खाली तात्पर्य. अक्षर चांगले, शुद्धलेखन बरे, पण गोष्ट झालेली नसते. कारण त्यात कोणी काही निवडतच नाही. सगळे आपोआप घडत जाते.

अशा वेळी मी वर्गात प्रेमचंदांची 'ईदगाह' सांगते. १९३३ सालची ही कथा आपल्या पुष्कळ घरांत माहीत आहे. हमीदजवळ तीन पैसे आहेत. सोबतची मुले मिठाई आणि मातीची खेळणी घेतात. हमीदलाही मोह होतो. पण लोखंडी सामानाच्या दुकानापाशी त्याला आठवते, की तव्यावरून रोट्या काढताना दादीचा हात भाजतो. तो चिमटा घेतो. गोष्ट सांगून झाली की मी फळ्यावर चार प्रश्न लिहिते. कोणाला काय हवे आहे? आड काय येते? तो काय निवडतो? त्यामुळे काय बदलते? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कथेचा सांगाडा तयार. आणखी एक गोष्ट मुलांना दाखवते. चिमटा पाहून अमीना आधी रागावते, मग रडते. 'मुलांनो, तुम्हीही असेच वागा' असे प्रेमचंद शेवटी लिहीत नाहीत. तेही काही काळ शाळामास्तर होते, तरी तात्पर्य त्यांनी वाचणाऱ्यावर सोडले.

सांगाडा लवकर जमतो. खरी अडचण पुढे येते, पुन्हा लिहिण्याची. मुलांना वाटते, पुन्हा लिहायला सांगितले म्हणजे शिक्षा झाली. घरीही वहीतली खाडाखोड पाहून आपण रागावतो. त्यांना मी एक शब्द समजावून सांगते. उर्दूत कच्च्या लिखाणाला 'मुसव्वदा' म्हणतात. अरबीत 'अस्वद' म्हणजे काळा. मुसव्वदा म्हणजे काळे केलेले पान. पक्क्या प्रतीला 'मुबय्यजा' म्हणतात, म्हणजे पांढरी केलेली. आपल्या कचेऱ्यांतला 'मसुदा' हा याच मुसव्वद्यावरून आला. पान आधी काळे झाल्याशिवाय पांढरे होत नाही, हे भाषेलाच ठाऊक आहे. आणि दुरुस्तीसाठी उर्दूत किती सुंदर शब्द आहे पाहा: 'नजरे-सानी', दुसरी नजर.

आमच्या सोनाळ्याच्या भागात कापूस फुटला की वर्गातली काही बाके रिकामी होतात. अशाच दिवसांत आठवीतल्या एका मुलीने गोष्ट लिहिली. 'सीमा नावाची गरीब मुलगी होती. ती कापूस वेचायला जायची. तिला खूप दुःख व्हायचे. तिने शिक्षण घेतले व ती डॉक्टर झाली.' मी एवढेच विचारले, "वेचणीच्या एका दिवशी सीमाने काय निवडले?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, घरी बोलतो तसे लिहिले तर चालेल?" बोलणे घरचे चालेल, असे मी सांगितले.

दुसऱ्या वेळी तिने पहिली आठ वाक्ये काटली. गोष्ट थेट वावरात सुरू झाली. आईला ताप आहे. कापूस कमी भरला तर उद्या तिला बोलावणार नाहीत. मुलगी आपल्या ओटीतला कापूस गुपचूप आईच्या गाठोड्यात घालते. काट्यावर आईचे वजन पुरे भरते, मुलीचे कमी. "दिवसभर काय केलं?" म्हणून ती बोलणी खाते. वाटेने आई काही बोलत नाही. घराजवळ आल्यावर म्हणते, "कल तू स्कूल जा." तिसऱ्या वेळी 'खूप दुःख झाले' हे वाक्यही तिने काटले. त्याची गरजच उरली नव्हती. डॉक्टर होणेही गेले, तात्पर्यही गेले.

गोष्ट वाचून झाल्यावर वर्ग शांत होता. ही तुझीच गोष्ट का, असे मी विचारले नाही. तुम्हीही विचारू नका. कथेचा पडदा असतो म्हणूनच मूल खरे बोलू शकते. मात्र वेचणीच्या दिवसांतल्या हजेरीकडे मी आता दुसऱ्या नजरेने पाहते.

आपले वावर, आपली बोली पुस्तकात शोभत नाही, असा समज मुलांच्या मनात बसलेला असतो. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या सदानंद देशमुखांनी शेतकऱ्याच्या घरावर 'बारोमास' लिहिली आणि तिला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे त्यांना जरूर सांगा.

आई-वडिलांनो, मुलाने गोष्ट लिहिली तर ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वयंपाक करता करता ऐकलीत तरी चालेल. तुमचे लक्ष जिथे उडेल तिथे थांबवून सांगा. तो भाग बहुधा काटण्याजोगा असतो. नुसते 'छान' म्हणू नका. 'मग त्याने काय केलं?' असे विचारा. आणि खाडाखोडीची कच्ची वही रद्दीत टाकू नका. आपले मूल विचार कसा करते, हे पक्क्या वहीपेक्षा त्याच वहीत अधिक दिसते.