दूरच्या प्रवासाची मोटारसायकल : निवड वेगावरून की अंतरावरून?

बेंगळुरूच्या उत्तरेस असलेला हेब्बाळचा उड्डाणपूल म्हणजे दूरच्या मोटारसायकल-प्रवासाचा जणू उंबरठाच. येथून राष्ट्रीय महामार्ग ४४ नंदीदुर्ग आणि लेपाक्षीच्या दिशेने जातो. बाह्य वर्तुळाकार रस्त्याने पश्चिमेकडे वळले, की तुमकूरूचा रस्ता लागतो आणि तोच महामार्ग ४८ पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्यावरून पुण्याला पोहोचतो. रविवारी पहाटे नंदीदुर्गाकडे निघणारे हौशी स्वार आणि गणेशोत्सवात सामान बांधून गावाकडे निघणारे मराठी नोकरदार, या दोघांनाही हेब्बाळ सारखेच जवळचे. पहिल्याचा प्रवास जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास, तर दुसऱ्याचा एका बाजूनेच सुमारे साडेआठशे. तरीही विक्रीदालनात दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो : 'किती सीसी?' दूरच्या प्रवासासाठी हा प्रश्न अपुरा आहे, आणि कर्ज काढून मोटारसायकल घेणाऱ्यासाठी तो महागडाही ठरू शकतो.

'स्पोर्ट टुरिंग' या प्रकाराचा जन्मच मुळी वेग आणि विसावा यांची सांगड घालण्यासाठी झाला. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आणलेल्या 'आर १०० आरएस' या गाडीचे पूर्ण आवरण वातबोगद्यात पारखून घडवले होते. स्वाराच्या छातीवर आदळणारा वारा अडवून त्याचा थकवा कमी करणे हा त्यामागील विचार होता. भारतात २००३ साली आलेल्या हीरो होंडाच्या २२३ सीसी 'करिझ्मा'ने अनेकांना लांबच्या प्रवासाची पहिली गोडी लावली. तात्पर्य, या प्रकारच्या गाडीचे खरे मोजमाप तिचा कमाल वेग नव्हे, तर दिवसअखेरीस स्वार किती ताजातवाना उतरतो हे आहे.

वेगाचा हिशेब

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजकयुक्त रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहे. बेंगळुरू-म्हैसूरू द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावरही १ ऑगस्ट २०२३ पासून त्यांना मज्जाव झाला. म्हणजे दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतात ते गावे, ट्रॅक्टर, गतिरोधक आणि वळणरस्ते असलेले महामार्ग. तेथे ताशी दोनशेचा पल्ला गाठणारे इंजिन बहुतांशी निरुपयोगीच राहते.

हेब्बाळ ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर धरले आणि सरासरी वेग ६० ठेवला, तर चाकांवरच १४ तास जातात. सरासरी ६५ वर नेली तरी जेमतेम एक तास वाचतो. त्या एका तासासाठी लाखभर रुपये अधिक मोजण्यापेक्षा हुबळी किंवा बेळगावला मुक्काम करून प्रवास दोन दिवसांत विभागणे शहाणपणाचे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले आणि त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. या आकड्यांपुढे एका तासाची बचत किती क्षुल्लक, हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या इंजिनाच्या बाजूनेही एक सबळ मुद्दा आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. मागे सहप्रवासी, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर खंबाटकीसारखा घाट असेल, तर लहान इंजिनाची दमछाक होते. याउलट, २०१८ साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या ६४८ सीसी 'इंटरसेप्टर'सारखी दोन सिलिंडरची गाडी ८० च्या वेगाला संथपणे धावते आणि ओलांडून पुढे जाताना ताकद राखून असते. मात्र हा लाभ वर्षातून किती वेळा मिळणार आणि उरलेले दिवस तीच जड गाडी हेब्बाळ चौकातील कोंडीत कशी सांभाळणार, याचा विचार ग्राहकाने करावा. जो महिन्यातून एकदा जोडीने लांब जातो, त्याने मोठी गाडी अवश्य घ्यावी. वर्षातून दोनदा एकट्याने गावी जाणाऱ्यास २५० ते ३५० सीसीची गाडी पुरेशी आहे.

किमतीचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराने ३५० सीसीवर ठळक रेघ ओढली आहे. त्या मर्यादेपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यावरील दुचाकींवर ४० टक्के कर आकारला जातो. करपूर्व किंमत अडीच लाख रुपये धरली, तर पहिल्या गटात कर ४५ हजार आणि दुसऱ्या गटात एक लाख होतो. या ५५ हजारांच्या फरकात उत्तम शिरस्त्राण, संरक्षक जाकीट, हातमोजे आणि पादत्राणे असा सारा संच येऊ शकतो. शिवाय आजीवन वाहनकर आणि विमा वेगळेच.

कर्जाच्या मुदतीकडेही लक्ष हवे. उदाहरणादाखल, १२ टक्के दराने घेतलेल्या तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता तीन वर्षांसाठी सुमारे ९,९६० रुपये, तर चार वर्षांसाठी सुमारे ७,९०० रुपये येतो. हप्ता हलका वाटला, तरी चौथ्या वर्षाची किंमत व्याजापोटी सुमारे २० हजार रुपये पडते. संरक्षक साहित्य अंदाजपत्रकाच्या अखेरीस न ठेवता आरंभी लिहावे. उरलेल्या रकमेत जी बसेल ती गाडी आपली मानावी.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे, तसेच कर्ज असल्यास बँकेचेही ना-हरकत पत्र लागते. २०२१ साली सुरू झालेली 'बीएच' नोंदणीमालिका सार्वजनिक बँकांच्या कर्मचाऱ्यांनाही खुली आहे. तिच्यामुळे ही यातायात टळते. गाडी घेण्यापूर्वीच याचा विचार केलेला बरा.

पारख कशी करावी?

विक्रीदालनात दोन मिनिटे बसून गाडी कळत नाही. शक्य असल्यास तासभर चालवून पाहावी. मनगटांवर भार येतो का, गुडघे आखडतात का, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हे तपासावे. इंधनटाकीचाही विचार करावा. ११ लिटरच्या टाकीत, लिटरला ३० किलोमीटर धरल्यास, गाडी ३३० किलोमीटर जाते. म्हणजे अडीचशेच्या आत पंप शोधणे इष्ट. दोन्ही चाकांना एबीएस, रात्री दूरवर पोहोचणारा दिवा आणि हुबळी, बेळगाव, कोल्हापुरात सेवाकेंद्र या गोष्टी कमाल वेगाहून मोलाच्या आहेत.

घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने गाडी किती सीसीची होती याला महत्त्व नसते. स्वार सुखरूप आणि हसतमुख पोहोचला, एवढेच त्यांना पुरते. ग्राहकानेही हीच कसोटी लावून निवड केली, तर मोटारसायकल त्याला दूरवर नेईल आणि तिचा हप्ताही खिशाला जड वाटणार नाही.