करमाफीची ओवाळणी

निवडणूक जवळ आली की आमच्या पुढाऱ्यांना कर या वस्तूची एकाएकी घृणा वाटू लागते. ज्या हातांनी कर लादला, त्यावर अधिभार चढवला आणि अधिभारावर उपकर चढवला, तेच हात मतदानाच्या तोंडावर जोडले जातात आणि 'माफ केला' म्हणून सांगतात. सतराशे साठ वेळा फसलेले आम्ही टाळ्या वाजवतो. मला तर प्रथम 'माफी' या शब्दाचाच राग आहे. माफी गुन्हेगाराला देतात. मी रस्त्याने गेलो, घर बांधून राहिलो, साबणाची वडी विकत घेतली, यात मी कोणता गुन्हा केला की सरकारने मला माफ करावे?

आमचा आजरा एके काळी इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. जहागिरीच्या काळात सारासूट मिळाली तर ती धन्याची मेहरबानी. तिजोरी धन्याची, तेव्हा सूटही धन्याची. ते राज्य गेले, तिजोरी आमची झाली. पण सूट देण्याची ऐट मात्र धन्याचीच राहिली. भाऊबीजेला बहिणीच्याच पिशवीतून नोट काढून तिच्याच तबकात टाकणारा भाऊ कुणी पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. तो दर निवडणुकीला येतो, आणि ओवाळून घेताना छायाचित्रकाराकडे बघतो.

तारखा पाहा. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी दिली. ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागली. वर्षानुवर्षे जो टोल अपरिहार्य होता, तो आचारसंहितेच्या आदल्या रात्री अन्यायाचा ठरला! बरे, माफी कुणाला? मोटारवाल्याला. मुंबईकरांच्या पोटासाठी माल भरून नेणाऱ्या मोठ्या ट्रकावरचा टोल तसाच राहिला, आणि तो शेवटी मालाच्या भावात चढतो हे शाळकरी पोरालाही कळते.

मुंबईच्याच दुसऱ्या माफीची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मुक्ती देण्याचे वचन शिवसेनेने दिले. २०१९ मध्ये त्या करातला एक भाग, सर्वसाधारण कर, तेवढा सोडण्यात आला. बिलातल्या बाकीच्या बाबी जागच्या जागी. पुरी माफी जाहीर झाली ती १ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे पुढची निवडणूक दोन महिन्यांवर आली असे सर्वांना वाटत होते तेव्हा. ती निवडणूक वेळेवर झालीच नाही, प्रशासक बसला, हा नशिबाचा भाग. तेच वचन निवडून आल्या आल्या पाळता आले असते; पण मग ओवाळणीचा मुहूर्त चुकला असता.

दिल्लीश्वरही या विद्येत मागे नाहीत. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर गेला. ५ फेब्रुवारीला दिल्लीत मतदान होते. त्याच वर्षी लाल किल्ल्यावरून 'दिवाळीची भेट' म्हणून जीएसटी कमी करण्याचे जाहीर झाले. २२ सप्टेंबरला साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, आणि बिहारची निवडणूक उंबरठ्यावर उभी होती. कर कमी झाला हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. झाला ते चांगलेच झाले. परंतु २०१७ पासून गरिबाच्या अंगाच्या साबणावर १८ टक्के घेतले कुणी? ज्याने घेतले तोच आठ वर्षांनी 'भेट' म्हणून परत करतो, आणि मागच्या आठ वर्षांचा हिशेब विचारणारा करंटा ठरतो.

आता थोडे आमच्या कोल्हापूरचे सांगतो. कारण तिथे मी स्वतःही टाळ्या वाजवल्या आहेत. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी खाजगी कंपनीशी करार झाला आणि तीस वर्षे टोल द्या म्हणून कोल्हापूरकरांना सांगण्यात आले. कोल्हापूर उसळले. एन. डी. पाटील म्हाताऱ्या शरीराने रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे उतरले, तालमी उतरल्या, बायका उतरल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये नाकी जळली. मग त्या वर्षाची विधानसभा निवडणूक आली आणि 'टोलमुक्त महाराष्ट्र' ही घोषणा झाली. पाहा कसे असते! लढा लोकांचा, लाठ्या लोकांच्या पाठीवर, आणि वचन मात्र पक्षाचे. प्रत्यक्षात जून २०१५ पासून बारा नाकी बंद झाली, त्रेपन्न नाक्यांवर लहान गाड्यांना सूट मिळाली, आणि 'मुक्त' हा शब्द मुकाट्याने खिशात गेला. कोल्हापूरचा टोल रद्द झाल्याचे जाहीर व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्यांना तो दिवस दिसला नाही. श्रेय घ्यायला मात्र ज्यांनी एक लाठी खाल्ली नव्हती असेही हात पुढे आले.

आणि ज्यावेळी आम्ही पेढे वाटले त्यावेळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो. कंपनीचे पैसे बुडाले नव्हते. ते सरकारने चुकते करायचे ठरले होते. सरकारने म्हणजे कुणी? त्याच २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसला. या दोन गोष्टींची थेट गाठ मी मारीत नाही. पण एका खिशातून सुटलेला कर दुसऱ्या कुणाच्या तरी खिशाकडे वळतो एवढे ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोल्हापूरच्या रस्त्यांवर ज्याने कधी चाक फिरवले नाही असा आमच्या डोंगरातला धनगरही त्या रस्त्यांचा देणेकरी झाला. टोल अन्यायाचा होता, लढा न्यायाचा होता, आणि तरीही ओझे कुठे गेले हे मी त्या दिवशी विचारले नाही. ही माझी चूक.

ते विचारायला मला एका बाईने शिकवले. काजू सोलायला कारखान्यात जाणारी ही मावशी आमच्या घरावरून रोज जाते. जीएसटीच्या पानभर जाहिराती आल्या त्या आठवड्यात मी ओसरीवर पेपर उघडून बसलो होतो. ती थांबली, म्हणाली, "गुर्जी, पेपरात त्येच का वो, टॅक्स कमी झाल्याचं? आमास्नी काय त्येचं? आमी कुठं टॅक्स भरतोय? त्ये पैशावाल्यांचं काम."

मी तिला विचारले, "मावशी, मोबाइलात पैसे किती टाकता?"

"पोरगं टाकतंय. एकशे नव्याण्णव."

त्यात तीस रुपयांच्या आसपास कर आहे हे मी तिला सांगितले. तो १८ टक्केच राहिला, त्याला दिवाळीची भेट पोचली नाही. पोराच्या मोटारसायकलीत जे पेट्रोल पडते ते तर जीएसटीच्या बाहेरच. तिथे दिल्लीचा कर वेगळा आणि मुंबईचा वेगळा. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मग आजवर आमाला कुणी सांगिटलं न्हाई त्ये?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या मांडीवर पसरलेल्या कागदात होते. सांगायचे काम ज्यांचे, त्यांनी सांगितले नाही. बारा लाखांची सूट मिळाली तेव्हा नोकरदाराचे किती हजार वाचले याची कोष्टके छापली गेली. काजू सोलणारीचे कोष्टक कुणी छापले? आमच्या जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा लोकलफंड आणि जकात शेतकऱ्याला कुठे कुठे गाठतात ते उघडे केले होते. त्यांच्याजवळ ना वाहिनी होती, ना बातमीदारांची फौज.

वृत्तपत्रांविषयी बोललो की मित्र रागावतात. पण २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पी. साईनाथ यांनी काय उघडकीस आणले ते आठवा: एकाच नेत्याची स्तुती, एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच, आणि स्पर्धक वृत्तपत्रांत निरनिराळ्या बातमीदारांच्या नावांनी छापलेला! प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी २०१० मध्ये या विकाऊ बातम्यांवर ७१ पानी अहवाल लिहिला. कौन्सिलने तो बाजूला ठेवून संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला २०११ मध्ये माहिती आयोगाचा हुकूम लागला. आता तर बातमी विकत घ्यायचीही गरज उरलेली नाही. पहिल्या पानावर सरकारी जाहिरात, उलटून तिसऱ्या पानावर त्याच शब्दांत बातमी. २०२४ च्या प्रचारात एका आघाडीने बहिणींना १५०० चे २१०० देऊ केले, दुसरीने ३००० देऊ केले. तो लिलाव आम्ही क्रिकेटच्या धावांसारखा वाचला. पैसा कुठून, हा प्रश्न विचारणाऱ्याला सभेत खाली बसवतात, आणि बातमीतून तर तो आधीच गळालेला असतो.

हे सगळे मुंबई-दिल्लीचे राहू द्या. संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाला आणि आता टोलनाका आमच्या दाराशी आला आहे. त्याविरुद्ध इथे मोर्चे निघाले. मीही त्यात चाललो, आणि पुन्हा चालेन. पण पुढची निवडणूक आली की काय होणार हे मला आजच दिसते. उत्तूरकडचा भाग कागल मतदारसंघात, आजरा राधानगरीत. तेव्हा एकाच नाक्याच्या माफीची वचने दोन-दोन मतदारसंघांत, निरनिराळ्या तोंडांनी दिली जातील. 'स्थानिकांना सूट' म्हणून एक पास मिळेल, पासाचा फोटो निघेल आणि आम्ही आपसात स्थानिक कोण यावर भांडत बसू.

तेव्हा मी असे ठरवले आहे. व्यासपीठावरून माफी जाहीर झाली की उभे राहून विचारायचे: किती रुपये सोडता, ते पुढे कुणाकडून घेणार, आणि ही माफी मतदानानंतर किती दिवस टिकणार? खाली बसवले तर बसेन. पण शेजारी जो बातमीदार वही घेऊन उभा असेल त्याला माझी विनंती आहे, की मिळाले ते उत्तर लिही. आणि उत्तर मिळाले नाही तर 'उत्तर मिळाले नाही' एवढे चार शब्दांच्या आतले वाक्य तरी छापून आण. मावशी रोज सकाळी आठला आमच्या घरावरून जाते. तिला मला ते वाचून दाखवायचे आहे.